तोंडातल्या चट्ट्याला रक्त मिळण्याआधी बॅटरी लावा

तोंडाचा कॅन्सर पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या कॅन्सरसारखा लपून बसत नाही. त्याला शोधायला मोठं मशीन लागत नाही. तोंड उघडलं, बॅटरी मारली, बोटाने गाल बाजूला केला की तो दिसतो. तरीही २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारा आजार एवढे जीव घेतो, याचा अर्थ सरळ आहे. आपण बघत नाही, आणि ज्यांनी येऊन बघायला हवं ते आपल्या वस्तीपर्यंत पोचत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की, या रोगाशी लढायची पहिली जागा आपली वस्ती आहे. मुंबईचं मोठं हॉस्पिटल फार नंतर येतं. असं मी का म्हणते, ते कळायला हा रोग वाढतो कसा हे एकदा नीट समजून घ्यावं लागेल. मी नर्सिंगचा डिप्लोमा केलेली बाई. बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता हिंगोली जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये फिरते. पुस्तकातली गोष्ट आपल्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

गाठ रक्त कसं मिळवते

शरीरातल्या प्रत्येक पेशीला जगायला प्राणवायू आणि अन्न लागतं. ते रक्त आणून देतं. कॅन्सरची पेशीही याला अपवाद नाही. ती बिघडते, भराभर वाढते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. पण गाठ मोहरीच्या दाण्याएवढी, म्हणजे एक-दोन मिलिमीटरची झाली की आतल्या पेशींची उपासमार सुरू होते. रक्त तिथपर्यंत पोचत नाही. १९७१ साली अमेरिकेत बोस्टनचे सर्जन डॉ. ज्युडा फोकमन यांनी मांडलं की, नव्या रक्तवाहिन्या मिळाल्याशिवाय गाठ यापुढे वाढू शकत नाही. तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. पुढे त्यावर जगभर काम झालं आणि कॅन्सरवरची काही औषधं याच विचारातून निघाली. नव्या रक्तवाहिन्या फुटण्याच्या या क्रियेला डॉक्टर अँजिओजेनेसिस म्हणतात.

गावच्या नळयोजनेच्या मोठ्या पाइपला कुणी रात्रीतून भोक पाडावं आणि आपल्या वावरात पाणी ओढावं, तसं ही गाठ करते. उपाशी पेशी एक रासायनिक सांगावा सोडतात. त्याचं नाव व्हीईजीएफ. तो शेजारच्या चांगल्या रक्तवाहिनीला पोचला की तिला कोंब फुटतात, आणि ते कोंब गाठीच्या दिशेने वाढत जातात. जखम भरताना, बाळ पोटात वाढत असताना शरीर हाच सांगावा वापरतं, पण काम झालं की थांबवतं. गाठ थांबवत नाही. प्राणवायू कमी पडला हे पेशीला कसं कळतं, याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

चोरून जोडलेल्या या वाहिन्या धड नसतात. वेड्यावाकड्या असतात, गळक्या असतात. म्हणून कॅन्सरची जखम दातवणाचा नुसता धक्का लागला तरी रक्ताळते. या गळक्या वाहिन्यांतून आणि शेजारच्या लसिकावाहिन्यांतून कॅन्सरच्या पेशी बाहेर पडतात आणि आधी मानेत जाऊन बसतात. त्या किती गुपचूप जातात याचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यातला, मानेत हाताला गाठ लागत नाही, असे रुग्ण घेतले. निम्म्यांच्या तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या. बाकीच्यांच्या मानेत गाठ आली तरच काढायच्या ठरवल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरातले ८० जिवंत होते, दुसऱ्यातले साधारण ६७. हाताला गाठ लागायची वाट पाहिली, त्यात एवढे जीव गेले.

चट्ट्यातच सुरुवात झालेली असते

आता महत्त्वाची गोष्ट. ही रक्ताची चोरी कॅन्सर पक्का झाल्यावर सुरू होत नाही. तोंडातल्या चट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे की, निरोगी गालापेक्षा बिघडत चाललेल्या चट्ट्यात रक्तवाहिन्या जास्त असतात, आणि कॅन्सरमध्ये त्याहून जास्त. म्हणजे चट्टा आहे तेव्हाच आतून पाइप जोडायचं काम चालू असतं.

म्हणून चट्ट्याचा रंग बघायला शिका. गालावर किंवा हिरडीवर पांढरा चट्टा, जो पुसून निघत नाही, तो डॉक्टरला दाखवायचाच. पण लाल, मखमलीसारखा चट्टा दिसला तर एक दिवसही थांबू नका. तिथलं वरचं आवरण पातळ झालेलं असतं आणि खालच्या वाढलेल्या रक्तवाहिन्या लाल दिसतात. पांढऱ्यापेक्षा लाल चट्ट्यात कॅन्सर निघण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. आणि दोन्ही बहुतेक वेळा दुखत नाहीत. आपली सवय अशी की, दुखलं तर दवाखाना, नाही दुखलं तर काम. या रोगात दुखायला लागतं तेव्हा गाठीला पुरेसं रक्त मिळून बराच काळ झालेला असतो.

सुपारीचा मार्ग थोडा वेगळा आहे. सुपारी सतत चघळली की तोंडाचं आतलं अस्तर कडक होतं, पांढरं पडतं, तिखट सहन होत नाही, तोंड उघडेनासं होतं. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या आजाराचं वर्णन केलं. आज त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यात अस्तराखाली दोरीसारखे कडक धागे तयार होतात आणि ते रक्तवाहिन्या दाबून टाकतात. अस्तर उपाशी राहतं. त्याच अस्तरात एखादी पेशी कॅन्सरकडे वळली तर पुढे तीच रक्तासाठी सांगावे सोडू लागते. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसती सुपारी, तंबाखू न घालताही, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात असल्याचं जाहीर केलं. म्हणून "मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो" या बोलण्यात काही अर्थ नाही. पोराला हातावर सुपारीचं खांड देणं हा लाड नाही.

आपल्या महाराष्ट्रात तंबाखूचं मुख्य ठिकाण तोंडच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले शंभरातले २४ प्रौढ तंबाखू तोंडात धरणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे निघाले. बिडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारसुद्धा नव्हते. तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा आणि बाया लावतात ती मिश्री, सगळं यात आलं. मिश्री दात साफ करायला म्हणून सकाळी लावतात, मग दुपारी, मग झोपताना. ती जाळलेली तंबाखूच आहे. त्यात दारूची भर पडली तर धोका नुसता वाढत नाही, तो कित्येक पटींनी वाढतो.

हळद, सुई आणि भीती

आपला जिल्हा हळदीचा. वसमत-हिंगोलीची हळद देशभर जाते. तोंडात जखम झाली की घरात पहिला उपाय हळदीचाच होतो. हळदीतलं कुर्क्युमिन नव्या रक्तवाहिन्या फुटण्याला अडवतं, असं प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलं आहे, हे खरं आहे. मोबाइलवर तेवढंच अर्धं फिरतं. पण पोटात घेतलेलं कुर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, आणि हळद लावून तोंडाचा कॅन्सर बरा होतो असं कोणत्याही अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही. हळद भाजीत घाला. जखमेला दोन दिवस लावायची तर लावा. पण हळद लावून तीन महिने काढले, तर त्या तीन महिन्यांत गाठ आपले पाइप जोडून घेते.

दुसरी भीती तुकड्याची. "सुई लावली की पसरतो", "चाकू लागला की हवा लागते आणि माणूस जातो", हे मी दर गावात ऐकते. लोक हे का म्हणतात तेही मला कळतं. आपल्याकडचा माणूस तुकडा काढायला जातो तोच रोग खूप पुढे गेल्यावर. तपासणीनंतर थोड्याच महिन्यांत तो जातो, आणि दोष तपासणीच्या माथी बसतो. रोग पसरतो तो गाठीने स्वतः उभ्या केलेल्या वाटांनी. चट्ट्यातला मसुराच्या दाण्याएवढा तुकडा काढल्याने तो पसरत नाही. उलट त्या तुकड्यावरूनच कळतं की साधा चट्टा आहे, बिघडता चट्टा आहे की कॅन्सर आहे. हे कळल्याशिवाय दिलेली प्रत्येक गोळी अंधारातली.

तिसरी गोष्ट दाताची. दात हलतो म्हणून गावातल्या कुणाही डॉक्टरकडून उपटून घेतला आणि महिना झाला तरी खड्डा भरत नाही, उलट मांस वाढतं, असं झालं तर ते दाताचं दुखणं समजू नका.

टाटाच्या गोळ्या आणि त्यांचा हिशेब

गाठीचं रक्त तोडायचं, हा विचार आपल्यासारख्या गरिबांच्या उपयोगी कसा आला, त्याची एक चांगली गोष्ट आहे. नेहमीची केमोथेरपी म्हणजे मोठा डोस सलाइनमधून द्यायचा आणि मग शरीराला सावरायला काही आठवडे थांबायचं. या मधल्या दिवसांत गाठीच्या रक्तवाहिन्याही सावरतात. म्हणून औषधाचा लहान डोस न थांबता देत राहायचा, म्हणजे नव्या वाहिन्यांना कोंब फुटायला उसंतच मिळत नाही, अशी पद्धत निघाली. घड्याळाच्या टिकटिकीसारखी ती चालू राहते, म्हणून तिला मेट्रोनॉमिक केमोथेरपी म्हणतात.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या, बरे न होणाऱ्या कॅन्सरच्या ४२२ रुग्णांवर ती तपासली. एका गटाला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब, दोन्ही पोटात घ्यायच्या जुन्या, स्वस्त गोळ्या. दुसऱ्या गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन. २०२० साली निकाल छापून आला. गोळ्यांवरचे रुग्ण मध्यमानाने साडेसात महिने जगले, सलाइनवरचे सहा महिने. गोळ्यांचा त्रासही कमी. ज्याला वारंवार मुंबईला जाणं आणि परळच्या फुटपाथवर नातेवाइकांना झोपवणं परवडत नाही, त्याला घरी राहून उपचार घेता येणं ही लहान गोष्ट नाही. या कामाचा मला अभिमान वाटतो. कंपनीच्या महागड्या नव्या औषधाच्या मागे न लागता आपल्या रुग्णाच्या खिशाकडे बघून केलेलं हे संशोधन आहे. (या गोळ्या कुणीही आपल्या मनाने घेऊ नयेत. आठवड्याची मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर जीव जातो.)

पण आकडा पुन्हा वाचा. साडेसात महिने आणि सहा महिने. गाठीला रक्त मिळाल्यावर, ती मानेत उतरल्यावर, ऑपरेशनच्या पलीकडे गेल्यावर चांगल्यातल्या चांगल्या स्वस्त उपायाने सुमारे दीड महिना वाढला. त्या घरासाठी तो दीड महिना मोलाचा आहे आणि तो प्रत्येक गरिबाला मिळालाच पाहिजे. मात्र समाज म्हणून आपण सगळी आशा त्या शेवटच्या टोकाला लावून बसलो, तर आपण फसतो.

केरळात बॅटरीने काय झालं

आता दुसरं टोक बघा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. पस्तीस वर्षांवरचे जवळपास १ लाख ९० हजार लोक. निम्म्या भागात प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले, उजेडात तोंड बघितलं, संशय आला त्याला डॉक्टरकडे पाठवलं. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. दर तीन वर्षांनी एक फेरी. २००५ साली निकाल आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू शंभरात ३४ ने कमी झाले.

यात कोणतं औषध होतं? बॅटरी, शिकवलेली नजर आणि पुढे पाठवायची सोय. बस्स.

आपल्याकडे कागदावर हे सगळं आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची, असं सरकारचा कार्यक्रमच सांगतो. आशाताईने फॉर्म भरायचा, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने तोंड बघायचं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांना आणि पुरुषांना विचारलं की, तुमचं तोंड कॅन्सरसाठी कधी तपासलं आहे का? शंभरात एकाच्या आसपास लोकांनी हो म्हटलं. आशाताईला दोष देऊ नका. तिच्या डोक्यावर कामाचा डोंगर आणि हातात मोबदला तुटपुंजा. प्रश्न आपण विचारत नाही हा आहे.

आणखी एक सांगते. "व्यसनी आहेत, भोगतील", असं आपल्याबद्दल बोललं जातं, कधी आपणही आपल्या माणसांबद्दल बोलतो. ऊसतोडीला गेलेला माणूस पहाटेपासून मोळ्या बांधतो. हळद काढणीच्या, सोयाबीनच्या दिवसांत बाई रिकाम्या पोटी वावरात जाते. तंबाखूने भूक मरते, झोप उडते, अंग ओढलं जातं. ती सवय मजुरीने लावलेली आहे. माणसाला शिव्या देऊन ती सुटत नाही. सुटायला मदत लागते. १८०० ११ २३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन आहे. तो लावा, लावून द्या.

दुसरीकडे, राज्यात गुटखाबंदी २०१२ सालची आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, अठरा वर्षांखालच्या पोराला देऊ नये, हा कायदा २००३ चा. तुमच्या वस्तीच्या शाळेबाहेर काय विकलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. आणि आपण विहारात पाचवं शील घेतो तेव्हा डोळ्यांपुढे फक्त दारूची बाटली येते. खिशातली पुडीही त्यात मोजली पाहिजे.

आपण काय करायचं

महिन्यातून एकदा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं तोंड बघा. चूळ भरायला लावा, उजेडात बसवा, बॅटरी धरा.

पहिलं, स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तोंड आवळत चाललं आहे.

दुसरं, ओठ आतून, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जीभ वर करून खालची जागा बघा. तंबाखू जिथे धरता ती जागा विशेष बघा.

तिसरं, मानेला दोन्ही बाजूंनी जबड्याखाली हात लावून गाठ लागते का पाहा.

पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, विनाकारण रक्त, हलणारा दात, जीभ जड होणं, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय. पुढे गरज पडली तर नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात, कॅन्सरचेही. "पैसे नाहीत म्हणून गेलो नाही" असं कुणाला म्हणावं लागू नये.

हे घरचं झालं. मागण्या वेगळ्या. ग्रामसभेत विचारा, आपल्या उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या किती जणांचं तोंड तपासलं, आकडा वाचून दाखवा. गाव आरोग्य समितीच्या निधीतून बॅटरी, हातमोजे, तोंड बघायचा आरसा घ्यायला लावा. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तोंडाचे चट्टे बघायचा आणि तुकडा घ्यायचा तिथला वार ठरलेला असावा, आणि तो वार प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असावा. टाटाने सिद्ध केलेल्या त्या स्वस्त गोळ्या आणि वेदना कमी करायची औषधं, ज्याची वेळ निघून गेली त्यालाही जिल्ह्यातच मिळावीत.

आणि एक काम कुणाच्या परवानगीशिवाय करता येतं. प्रत्येक विहारात दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास तोंडं बघायची. आशाताईला, जवळच्या नर्सताईला बोलवा, त्या चार पोरींना आणि चार पोरांना बघायला शिकवतील. ज्याचा चट्टा सापडेल त्याच्याबरोबर दवाखान्यात कुणी जायचं, ते त्याच दिवशी ठरवायचं. एकटं पाठवलेलं माणूस वाटेतून परत येतं.

तुमच्या घरात बॅटरी असेलच. नसेल तर मोबाइलची चालते. येत्या पौर्णिमेला ती खिशात घालून या.

जय भीम.